मधला दिवस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या निफाडकडे माणूस पिशवी घेऊन एकटा स्टेशनकडे निघाला, की पहिला प्रश्न येतो, ‘काय काम काढलं?’ काम असल्याशिवाय कोणी एकटं निघत नाही, हे त्यामागचं गृहीत. कोर्टाची तारीख असेल, नाशिकला दवाखान्यात कोणी ॲडमिट असेल, मुलीसाठी स्थळ बघायचं असेल, नाहीतर मार्केटला गेलेल्या मालाचे पैसे अडकले असतील. लग्नाला, यात्रेला, उरुसाला, हजला जायचं तर चारचौघं बरोबर असतात. पण एकट्यानं, आणि काहीच काम नसताना? मग विचारणाऱ्याचा चेहरा जरा गंभीर होतो. घरात काही बिनसलं की काय, अशी शंका त्याला येते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी तीन आठवडे युरोपात एकटा फिरलो. ईद झाली होती, घरी कसली अडचण नव्हती, आणि बऱ्याच वर्षांपासून मनात होतं. तिकिटं आणि राहण्याची व्यवस्था मुलीनं पुण्यात बसून मोबाइलवर केली. गल्लीतले एक स्नेही म्हणाले, ‘चाचा, एखाद्या कंपनीबरोबर जा ना. आपलं जेवण मिळतं, बोलायला माणसं मिळतात.’ खरं आहे. सहलीच्या कंपनीबरोबर गेलं की सगळं मिळतं. फक्त रिकामा दिवस मिळत नाही. त्यांनाही तो परवडत नाही आणि पैसे भरलेल्या प्रवाशाला तर मुळीच नाही. आठ दिवसांत पाच देश बघायचे, तर मधला एक दिवस नुसता गाडीत बसून काढला, हे कोणाला पटेल?

मी आज त्याच दिवसाबद्दल बोलणार आहे. आयफेल टॉवर, लंडनचा पूल यांच्याबद्दल आपल्याला सांगणारे पुष्कळ आहेत. मराठीत प्रवासवर्णनांची काही वाण नाही, पु. लं.च्या ‘अपूर्वाई’नं तर घरात बसलेल्या माणसालाही युरोप दाखवला. पण आपली बहुतेक प्रवासवर्णनं एका गावाहून दुसऱ्या गावी उडी मारतात. ‘दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही अमुक ठिकाणी पोचलो.’ झालं. या ‘पोचलो’च्या पोटात बारा तास असतात, त्यांचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं, हे एक कारण असेल.

आमच्याकडे मुसाफिराला नमाजात सवलत आहे. चार रकातींच्या नमाजाच्या तो दोनच पढतो. रमजानमध्ये प्रवासात असेल तर रोजा पुढं कधीतरी भरून काढता येतो. लहानपणी मला वाटायचं, ही सवलत दमणुकीसाठी असावी. उंटावरून जाणाऱ्या माणसाचे हाल होत असतील. पण आरामात एसी डब्यात झोपून जाणाऱ्यालाही ती आहेच. म्हणजे इथं थकव्याचा हिशेब धरलेला नाही. मुसाफिर असणं हीच एक अवस्था मानली आहे. तो घरी नाही आणि कुठं पोचलेलाही नाही.

माझा असा दिवस आला तो रॉटरडॅम आणि बासेल या दोन गावांच्या मध्ये. रॉटरडॅम हॉलंडचं बंदर, बासेल स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं शहर. पुढं मला दक्षिणेकडे, स्पेनमधल्या ग्रॅनाडाला जायचं होतं. जलद गाडीनं रॉटरडॅमहून बासेलला दुपारपर्यंत पोचता आलं असतं. मी मुद्दाम ऱ्हाइन नदीच्या काठाकाठानं जाणारी, प्रत्येक लहान स्टेशनवर थांबणारी गाडी धरली आणि पूर्ण दिवस घालवला.

आधी रॉटरडॅमला का गेलो, तेही सांगतो. निफाडच्या माणसाला हे गाव नकाशात दाखवावं लागत नाही. ज्यानं तालुक्याची हद्द कधी ओलांडली नाही, असा द्राक्षबागाईतदारसुद्धा ‘रॉटरडॅमला काय भाव निघाला’ हे विचारतो. उगाव, पिंपळगाव बसवंत, सायखेडा, चांदोरी या भागातून जानेवारीपासून माल तुटायला लागतो. पॅकहाउसमध्ये घड कात्रीनं साफ करून अर्ध्या अर्ध्या किलोच्या पारदर्शक डब्यांत भरतात. त्याला सगळे पनेट म्हणतात. प्री-कूलिंग होतं आणि मग शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमधून तो माल न्हावा शेवा बंदरात आणि तिथून जहाजावर जातो. सुएझ कालव्यानं गेलं तर तीन-चार आठवडे. २०२३ च्या अखेरीला तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि दोनेक आठवडे वाढले. त्याआधी २०२१ च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, एक भलं मोठं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं होतं. त्या सहा दिवसांत आमच्याकडच्या पारावर इजिप्तच्या भूगोलाची जितकी चर्चा झाली, तितकी शाळेत कधी झाली नसेल.

म्हणजे मधला दिवस ही गोष्ट निफाडला अनोळखी नाही. उलट आमच्याइतका तो कोणी भोगला नसेल. माल पाण्यावर असतो तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. बाग मोकळी झालेली असते, औषधांच्या दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज मात्र तसंच असतं, आणि पैसे बरेचदा माल तिकडं पोचून विकला गेल्यावरच येतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. ज्याला आपल्याकडे ‘सीसीसी’ म्हणतात, तेच हे. इथून पाठवताना ज्या तपासण्या होत होत्या, त्यांत हे रसायन शोधलंच जात नव्हतं. त्या वर्षी कितीजण बुडाले, हे आमच्या भागात अजून सांगतात. तेव्हापासून ‘बोट लागली’ एवढ्यानं कोणाचा जीव खाली पडत नाही. ‘पास झाला’ हा शब्द कानावर यावा लागतो.

माझ्या शेजाऱ्यांचा कंटेनर मार्चअखेरीला निघाला होता. त्यांचा मुलगा मोबाइलवर जहाजाचा ठिपका बघत बसायचा. मी निघताना ते म्हणाले, ‘चाचा, तिकडं चाललेच आहात तर बघून या, आपली बोट कुठं लागते ते.’ मी बंदर पाहिलं. एवढं मोठं, की एका नजरेत मावत नाही आणि माणसं तर फारशी दिसतच नाहीत. ठिपका त्या वेळी अजून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होता.

तर त्या दिवशी सकाळी मी गाडीत बसलो. हॉलंडची सीमा ओलांडून जर्मनीत शिरलं, की हल्ली पोलीस डब्यात येतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली. इकडून निघताना मला अनेकांनी बजावलं होतं, ‘नाव सांभाळून, दाढी सांभाळून.’ नाव कसं सांभाळायचं असतं, मला कळलेलं नाही. माझ्या मांडीवर प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. त्यात व्हिसाची प्रत, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, हॉटेलांची बुकिंगं, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट. दोघं पोलीस आले. त्यातल्या तरुण मुलीनं पासपोर्ट घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि ‘थँक यू’ म्हणून परत दिला. फोल्डर उघडावंच लागलं नाही. तरी माझे हात पुढची दोन स्टेशनं गार होते.

तेव्हा द्राक्षांच्या कागदांची आठवण झाली. बागेची नोंदणी, प्लॉटचा नंबर, उर्वरित अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल, रोग-कीड नसल्याचा दाखला. डब्यावरच्या नंबरावरून घड कुठल्या शेतातला, हे रॉटरडॅममध्ये बसून काढता येतं. आमच्या घडांचीही तिथं दारातच चौकशी होते. फरक इतकाच, की त्यांना हात गार पडण्याची सोय नाही. ते आधीच गार असतात.

कोलोनला गाडी बदलायची होती. स्टेशनच्या दारातच ते प्रसिद्ध चर्च आहे, एकशे सत्तावन्न मीटर उंच. मी मान वर करून पाहिलं आणि स्टेशनातल्या दुकानात पाणी घ्यायला शिरलो. तिथं फळांच्या रांगेत हिरवी द्राक्षं होती आणि डब्यावर बारीक अक्षरात ‘इंडिया’. एक डबा घेतला. किंमत इथं सांगत नाही. निफाडमध्ये काय भावानं माल तुटतो, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना पाठ असेल आणि त्यांची सकाळ कशाला खराब करू.

कोलोनहून अर्ध्या तासावर बॉन लागतं. बेथोव्हेनचं जन्मगाव, आणि एके काळची पश्चिम जर्मनीची राजधानी. माझ्या मनात मात्र बाबासाहेब होते. १९२३ मध्ये बॉनच्या विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवलं होतं. तिथलं शिक्षण पुढं गेलं नाही. येवला आमच्यापासून जवळ. १९३५ ची येवल्याची घोषणा आमच्या भागात मुलांनाही ठाऊक असते, बॉन फारसं कोणाला ठाऊक नसतं. अमेरिका, लंडन, बॉन हा सगळा त्यांचा एकट्याचाच प्रवास. पण त्यांच्या त्या वर्षांत मला रिकामा दिवस कुठं दिसत नाही. शिष्यवृत्तीची मुदत, हातातले मोजके पैसे, पाठीवर सगळ्या समाजाचं ओझं. १९१७ साली ते परत आले तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं निघाली होती आणि ते जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं. माल पाण्यावर असणं म्हणजे काय, हे त्यांनीही भोगलं होतं. बॉनच्या स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबली आणि निघाली.

कोब्लेंझनंतर दरी अरुंद होते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मध्ये रूळ. कोब्लेंझपासून माइन्त्सपर्यंत या नदीवर एकही पूल नाही. मोटारी, सायकली, माणसं सगळी फेरीबोटीनं पलीकडे जातात. काठावर मोठ्या पांढऱ्या पाट्यांवर नदीचे किलोमीटर रंगवलेले आहेत, आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दगड असतात तसे. मालाच्या लांबट बोटी संथपणे वर चढतात. आणि डोंगरावर, जिथं बकरी चढायला कचरेल अशा उतारावर, द्राक्षांच्या बागा.

बागा दिसल्यावर मी खिडकीला नाक लावलं, हे वेगळं सांगायला नको. जमीन काळी, पाटीच्या दगडाच्या चुऱ्याची. शाळेतली पाटी फोडून टाकावी तशी. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत, कमरेएवढ्या उंच तारा. एप्रिलचा शेवटचा आठवडा, आणि डोळे नुकते फुटत होते. आपल्याकडे त्याच आठवड्यात शेवटचा घड उतरून खरड छाटणीची घाई चाललेली असते. त्यांची वेल हिवाळाभर झोपते, वर्षातून एकदा छाटतात. आपली झोपतच नाही. एप्रिलमध्ये एकदा छाटायची काडी तयार करायला, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटायची घडासाठी. थंडीची भीती मात्र दोघांनाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला की आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. फ्रान्समध्येही वसंतातल्या दहिवराच्या रात्री बागांमधून जाळ करतात. तिथल्या शेतकऱ्याची आणि आमची भाषा या एका रात्री सारखी होत असेल.

बाखाराख नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरलो. पुढची गाडी तासाभरानं होती, ती मी सोडली आणि त्याच्या पुढची धरायचं ठरवलं. तटबंदीचं जुनं गाव मागं, समोर नदी, मध्ये फलाट. दोन तास मी बाकावर बसलो होतो. काही केलं नाही. वही होती, उघडली नाही. कवी म्हटल्यावर लोकांना वाटतं, नदीकाठी बसला की याला सुचत असेल. मला सहसा निफाडच्या बाजारात सुचतं.

थोड्या वेळानं एक बाई येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. चाळिशीची, पायाशी मोठी पिशवी, बोटांवर बारीक चिरा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं सुरू झालं. ती रुमानियाची होती. वरच्या बागांत काड्या वाकवून तारेला बांधायचं काम तीन आठवडे केलं होतं. आता माइन्त्सच्या बाजूला ॲस्परॅगसच्या तोडणीला चालली होती. ॲस्परॅगस म्हणजे जमिनीत वाढणारे पांढरे कोंब. जर्मन लोक उन्हाळ्याच्या तोंडाला ते फार हौसेनं खातात. तिनं विचारलं, ‘फॅमिली?’ मी म्हणालो, ‘इंडिया.’ ‘वर्क?’ ‘नो.’ तिनं जरा थांबून विचारलं, ‘व्हाय?’

सहा-सात हजार किलोमीटरवर येऊन पुन्हा तोच प्रश्न. मला हसू आलं. उत्तर इंग्रजीत देणं जमेना म्हणून मी द्राक्षांचा डबा पुढं केला.

तिनं आधी लेबल वाचलं. मग घड देठाला धरून उचलला आणि हलकेच हलवला. मणी गळतात का, ते बघत होती. श्रोतेहो, मी चमकलो. आमच्या पॅकहाउसमध्ये बायका घड अगदी असाच धरतात आणि असाच हलवतात. ती म्हणाली, एक हिवाळा तिनं हॉलंडमध्ये द्राक्षांच्या गोदामात काढला होता. आलेले डबे उघडायचे, सुकलेला किंवा कुजलेला मणी काढायचा, वजन करून पुन्हा भरायचे. पेरू देशाची, दक्षिण आफ्रिकेची, इंडियाची द्राक्षं. ‘इंडिया, स्मॉल. बट स्वीट,’ तिनं निकाल दिला आणि चार मणी तोंडात टाकले.

आमच्याकडे विरळणीला, तोडणीला पेठ, सुरगाणा, कळवण भागातून आदिवासी मजूर येतात. नवरा-बायको, लहान मुलं, बोचकी. हंगाम संपला की एसटीनं किंवा पिकअपमध्ये उभं राहून परत डोंगरात. त्या बायकांच्या हातातून सुटलेला घड या बाईच्या हातात पोचत होता आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. डब्यावरच्या नंबरावरून प्लॉट सापडतो, शेतकरी सापडतो. कात्री कोणाच्या हातात होती, हे त्यात नसतं.

मी तिला विचारलं, आज सुट्टी का? ती म्हणाली, आज पगार नाही. जुनं काम काल संपलं, नवं उद्या सुरू. मधला दिवस. तिनं बोटांवर हिशेब करून दाखवला, गाडीभाडं इतकं, खाण्याचं इतकं, आणि कमाई शून्य. आम्ही एकाच बाकावर, एकाच नदीसमोर बसलो होतो. तिची नजर दर थोड्या वेळानं घड्याळाकडे जात होती. माझी जात नव्हती, कारण माझे तीन आठवडे आधीच भरलेल्या पैशांतून चालले होते. मग गाडी आली. तिनं पिशवी खांद्याला लावली, उरलेली द्राक्षं मी तिच्या हातात दिली. ती माइन्त्सला उतरली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

माइन्त्स हे गुटेनबर्गचं गाव. छापखान्याचा जन्म जिथं झाला, तिथं माझ्यासारखा पुस्तकं छापून घेण्यासाठी प्रकाशकांच्या दारी हेलपाटे घातलेला माणूस स्टेशनबाहेरही पडला नाही. फलाटावर गाडी बदलली आणि पुढं निघालो.

मानहाइमला ऱ्हाइनला नेकर नदी मिळते. याच नेकरच्या काठी थोडं वर हायडेलबर्ग आहे आणि १९०७ साली तिथं इक्बाल जर्मन शिकत होते. त्यांची कॉर्डोव्हाच्या मशिदीवरची कविता जगाला ठाऊक आहे. १९३३ मध्ये ते तिथं जाऊन आले होते. पण नेकरकाठच्या एका संध्याकाळवर त्यांची एक लहानशी कविता आहे, ‘एक शाम’ नावाची. मी ती तरुणपणी देवनागरीत वाचली, कारण उर्दू लिपी मला तेव्हा अडखळत यायची. त्या कवितेत काही घडत नाही. नदी, झाडं, चांदणं सगळं गप्प आहे, आणि कवी आपल्या मनालाही गप्प हो म्हणतो. वाचली तेव्हा मला ती अपुरी वाटली होती. एवढा मोठा शायर, एवढ्या लांब गेला आणि हेच लिहिलं? मानहाइमचा पूल ओलांडताना ती कविता मला पुरेशी वाटली. कॉर्डोव्हावर लिहायला कॉर्डोव्हाचा इतिहास मदतीला असतो. नेकरकाठी त्यांच्या मदतीला काहीच नव्हतं.

बासेलला पोचलो तेव्हा उजेड होता. तिकडे त्या दिवसांत साडेआठपर्यंत अंधार पडत नाही. त्या गावात जर्मन रेल्वेचं एक स्टेशन स्विस जमिनीवर आहे आणि मुख्य स्टेशनचा एक भाग फ्रेंच रेल्वेचा. तीन देश एका गावात. खोलीवर जाऊन हातपाय धुतले, दोन-दोन रकाती पढलो आणि घरी फोन लावला. निफाडला अकरा वाजून गेले होते.

‘आज काय पाहिलं?’ पत्नीनं विचारलं.

‘काही नाही. गाडीतच होतो.’

‘दिवसभर? जेवलात का?’

सकाळी पाव खाल्ला होता, दुपारी द्राक्षं, हे सांगितल्यावर ती जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. मग म्हणाली, शेजारचे येऊन गेले. चाचा अजून रॉटरडॅमलाच आहेत का, विचारत होते. ठिपका आज सकाळपासून हलला नाही म्हणे. मी म्हणालो, त्यांना सांग, जहाज कधीकधी डिझेल घ्यायला थांबतं, बंदरात जागा नसेल तर बाहेरही उभं राहतं. ‘मी तेच सांगितलं,’ ती म्हणाली, ‘पण त्यांच्या घरात दिवा अजून चालू आहे.’